सोमनाथची हाळी

उंबरमाळाला जायचं तर भाटघर धरणाचं पाणी ओलांडावं लागतं, आणि पाणी ओलांडायचं तर कुंडलिकच्या होडीला हाळी द्यावी लागते. दुसरा रस्ता आहे म्हणा, वेल्ह्याच्या अंगानं डोंगराला वळसा घालून. पण त्या रस्त्यानं माणसाचं निम्मं आयुष्य सरतं आणि उरलेलं खड्ड्यांत जातं. म्हणून होडी. काठाला मोबाईलला रेंज नाही. रेंज वर म्हसोबाच्या टेकाडावर. तेव्हा होडी पलीकडं असली की पाण्याशी उभं राहायचं, तोंडाभोवती पंजे धरायचे आणि ओरडायचं, होऽऽडी!

एकदा ओरडून भागत नाही. एकदाच आलेली हाळी इथं माणसाची धरत नाहीत. धरण झालं तेव्हा जी घरं पाण्याखाली गेली, त्यांतली काही माणसं म्हणे अजून खालीच आहेत, आणि त्यांना वर यायचं आहे. ती एकदाच हाक मारतात, दुसऱ्या हाकेला त्यांच्यात दम उरत नाही. म्हणून दुसरी हाळी आली की नावाड्यानं कान टवकारायचे, तिसरीत हाक मारणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, आणि मग होडी सुटायची. तुम्ही हसाल. खुशाल हसा. दिवेलागणीला त्या पाण्याकडं एकट्यानं बघत बसा आणि मग हसा.

आता अशा गावात सोनियासारखी मुलगी जन्माला यावी, ही देवाची चेष्टाच म्हणायची.

सोनिया मुकी नव्हती, मंद तर अजिबात नव्हती. घरात आईशी, बनाबाईशी, तिची बडबड अखंड चालायची. म्हशींशी बोलायची, चुलीशी बोलायची. पण उंबऱ्याबाहेर चार माणसं दिसली की तिचा घसा आतून कुणी आवळल्यासारखा व्हायचा. तळहात ओले, कान गरम, आणि छातीत अशी धडधड की समोरच्याला ऐकू जात असेल असं तिला वाटे. लोक काय, लोकांना तेवढंच हवं असतं. तोंडात मूग धरलेत का गं, असं बायका विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायच्या. एकदा एसटीत तिला कंडक्टरला थांबा म्हणता आलं नाही. तिचा फाटा गेला, पुढचा गेला, किकवी गेलं, आणि बाई कापूरहोळला सगळ्यांबरोबर खाली उतरल्या. तिथून परतीची गाडी कुठं लागते हेही विचारता येईना, म्हणून ऊन उतरेपर्यंत एका गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

भीड भिकेची बहीण, असं बनाबाई म्हणायची. पण ते म्हणायची प्रेमानं, आणि ज्या माणसाला ती आधी हे म्हणत आली होती तो माणूस आता नव्हता.

कॉलेजातनं येताना तर सोनियाचं ठरलेलंच. अलीकडच्या काठाला सावळारामची चहाची टपरी, तिथं जीपवाला मानसिंग आणि आणखी दोघंतिघं कायम बसलेले. होडी पलीकडं असली की ती टपरीच्या मागच्या करंजाआड उभी राहायची. कुणीतरी उंबरमाळचं येईल, हाळी देईल, मग आपण गुपचूप जाऊन बसू. कधी तासन्‌तास कुणी यायचं नाही. पाय दुखायचे, भूक लागायची, पण हाळी नाही म्हणजे नाही.

लोकांना वाटतं लाजाळू माणसाला बोलायचीच भीती असते. तसं नसतं. पहिल्यांदा बोलायचं धाडस कसंबसं गोळा होतं. आवाज बारीक निघतो, कुणी ऐकत नाही, आणि मग तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं बोलायचं असतं. खरं मरण ते. पहिली हाक ऐकू गेली नाही की ऐकूनही कुणी वळलं नाही, हे कळायला मार्ग नसतो. सोनिया आजवर जिथं जिथं अडली, तिथं तिथं ती दुसऱ्या हाकेपाशी अडली होती.

तिचा बापही तिथंच अडला होता, असं सगळे सांगायचे.

सोमनाथ स्वभावानं असाच. पंगतीत वाढप्याला भात मागायला लाजायचा आणि अर्धपोटी उठायचा. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मांडवामागं जाऊन बसला, तो जेवणं झाल्यावरच सापडला. गावानं त्याचं नावच मुका सोमनाथ पाडलं होतं, आणि तो त्यालाही ओ द्यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी काठच्या गाळाच्या रानात त्याला पान लागलं. साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. वाडी सगळी लग्नाला गेलेली, बनाबाई माहेरी किकवीला, सोनिया भोरला शाळेत. सोमनाथ पाय ओढत काठाशी आला. होडी पलीकडं होती. त्यानं हाळी दिली.

एकच दिली, असं कुंडलिकनं सांगितलं. एकच आली, म्हणून पाण्यातलंच काहीतरी असेल असं वाटलं आणि तो उठला नाही. बऱ्याच वेळानं काहीतरी मनात आलं म्हणून होडी घेऊन गेला, तर सोमनाथ दगडाला टेकून बसलेला, पाय पाण्यात, डोळे उघडे. गावानं हळहळ केली. कुंडलिकला कुणी बोल लावला नाही, रिवाजच तसा. एवढं होऊनही बिचाऱ्याला दुसऱ्यांदा ओरडवलं नाही, म्हणाले, भिडेनं मेला.

सोनियाला ते लगेच पटलं. इतरांना नवल वाटत होतं, तिला मुळीच वाटलं नाही. तिनंही दुसरी हाळी दिली नसती.

तेव्हापासून तो आवाज तिच्यामागं लागला. वर्गात उत्तर येत असायचं, हात वर करावासा वाटायचा, आणि नेमकं तेव्हाच नाकात गाळाचा ओला वास यायचा. मग पाण्यावरून आल्यासारखी लांबून एक बारीक हाक, होऽडी. एकदाच. त्यानंतर काही नाही. त्या हाकेला ती घाबरत नव्हती, तिच्यामागून येणाऱ्या शांततेला घाबरत होती. बापाचाच गळा आपल्या गळ्यात बसवलाय आणि तो आपल्यालाही एक दिवस असाच काठावर बसवून मारणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आईला ती हे कधी बोलली नाही. बोलणार काय?

कुंडलिकही बदलला होता. कानाला मफलर गुंडाळल्याशिवाय तो होडीत पाऊल टाकायचा नाही, अगदी वैशाखातसुद्धा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला थंडी बाधते. तिकडं बघून सोनिया मान खाली घालायची. त्याच्या होडीत ती कायम पाठमोरी बसायची.

कॉलेजात मिताली मॅडम म्हणून एक बाई पुण्याहून यायच्या, मुलांशी बोलायला. बाई चांगल्या होत्या. त्यांनी सोनियाला खोलीत एकटीला बसवलं, तिच्याकडं न बघता खिडकीकडं बघत बोलल्या, हे तिला फार बरं वाटलं. हा आजार नाही की खोड नाही, अशी पुष्कळ माणसं असतात, आणि यातून पायरीपायरीनं बाहेर येता येतं, असं त्यांनी सांगितलं. आज हजेरीला फक्त हजर म्हणायचं. मग दुकानात भाव विचारायचा. मग एसटी थांबवायची. आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. कुणी आपल्याकडं बघत नसतं, कुणी आपल्याला हसत नसतं, जो तो आपल्याच नादात असतो; ते सगळे आपल्या मनाचे खेळ.

खोटं कशाला सांगा, गुण आला. सोनिया हजर म्हणाली. तिनं बांगड्यांचा भाव विचारला. एकदा तर तिच्या शब्दावर अख्खी एसटी थांबली, त्या रात्री तिला आनंदानं झोप आली नाही. पण होडीला हाळी ही पायरी तिनं अगदी शेवटी ठेवली होती. मॅडमना तिनं त्या पायरीचं नावही सांगितलं नव्हतं.

कार्तिकातली एक सकाळ. भाताची कापणी उरकली होती, आणि पाण्यावर असं धुकं बसलं होतं की हातभर पुढचं दिसेना. बनाबाईला दम्याची उबळ रात्रीपासूनच होती. उजाडल्यावर ओठ निळे पडायला लागले. औषधाचा पंप रिकामा. शेजारी कुणी नाही, सगळे पहाटेच्या होडीनं भोरच्या बाजाराला गेलेले. टेकाडावर चढून फोन लावावा, तर पलीकडं काठाला रेंज नाही, कुंडलिकला लागणार कसा? सोनियानं आईला पाठुंगळी घेतलं आणि काठाशी आणून एका दगडाला टेकवलं. तो कुठला दगड हे तिला ठाऊक होतं. दुसरा टेकायजोगा दगडच तिथं नव्हता.

होडी पलीकडं होती. पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो हे काठावर राहणाऱ्यालाच ठाऊक. टपरीवरच्या कपबशा ऐकू येत होत्या. मानसिंगच्या जीपमधलं गाणं, बाजाराला निघालेल्या बायका, कशावरून तरी उठलेलं हसणं. म्हणजे तिचा आवाजही तिथं तसाच स्वच्छ जाणार होता. बनाबाईच्या छातीत शीळ वाजत होती. सोनियानं तोंडाभोवती पंजे धरले आणि गाळाचा वास आला.

तिनं हाळी दिली. बारीक, पण दिली. होऽडी.

पलीकडच्या गप्पा एकदम थांबल्या. कुणीतरी विचारलं, ऐकलं का रं? दुसरं कुणीतरी म्हणालं, पाण्यातलं असंल. एकजण हसला. गाणं बंद झालं. आणि मग ती शांतता आली, इतकी वर्षं तिच्या मानेवर बसलेली.

सोनियाला हलता येईना. आई नुसती तिच्याकडं बघत होती, आणि त्या डोळ्यांत आग्रहसुद्धा नव्हता. पोरीला जमणार नाही हे त्या माउलीनं गृहीत धरलं होतं. नवऱ्याला जमलं नव्हतं, पोरीला कुठून जमेल? तिनं लेकीला माफ करून टाकलं होतं, आणि ते सोनियाला सहन झालं नाही. तिला संताप आला. स्वतःचा, बापाचा, त्या दगडाचा.

दुसरी हाळी निघाली ती तिची तिलाच अनोळखी वाटली. मोठी, फाटकी, खर्जातली. पलीकडं कप खाली पडून फुटल्याचा आवाज आला. एक म्हातारा आवाज घाबरून म्हणाला, सोमनाथ हाय त्यो, सोमनाथ.

तेव्हा सोनिया घोटाभर पाण्यात शिरली आणि ओरडली, "कुंडलिककाका, मी सोनिया! सोमनाथची सोनिया! आईचा जीव चाललाय, होडी आणा!"

वल्ह्याचा आवाज यायला लागला. धुक्यातून होडीचं नाक दिसलं, मग कुंडलिक. मफलर गळ्यात सुटून लोंबत होता आणि म्हातारा रडत होता. त्यानं बनाबाईला लहान पोरासारखी उचलून होडीत ठेवली, सोनियाला आत घेतलं आणि वल्ही मारायला लागला. दोन्ही काठ दिसेनासे झाले तेव्हा त्याचे हात थांबले.

"वैनी," तो म्हणाला, "सोमनाथनं एक हाळी दिली न्हवती. तीन दिल्या. तिन्ही आमी ऐकल्या."

सोनियानं पहिल्यांदाच त्या होडीत तोंड फिरवून त्याच्याकडं बघितलं.

"मी, सावळाराम आन मानसिंग, च्या पीत बसलो व्हतो. पयली आली, मी उठाया लागलो. सावळाराम म्हनला, बस रं, मुक्याला वाचा फुटलीया, वरडू दे जरा, तेवढीच भीड मोडंल त्याची. मी बसलो. दुसरी आली. लई हसलो आमी. तिसरी आली, तीत त्यानं नाव बी सांगितलं. आमी चौथीची वाट बघत बसलो." त्यानं वल्हं घट्ट धरलं. "चौथी आली न्हाई. त्याला पान लागलंय हे आमाला ठावं न्हवतं, पोरी. म्हसोबाची आन. आन आज बी पयल्या हाळीला मी उठलो न्हाई. पाय उठंनात."

त्यानं पुन्हा वल्ही मारायला सुरुवात केली. बनाबाईनं मोठ्या कष्टानं मान उचलली. तिला भांडायचं असेल, शिव्या घालायच्या असतील, असं सोनियाला वाटलं. पण तिनं एवढंच विचारलं, "तीनदा?"

"तीनदा, वैनी."

"चार मान्सांत?"

"व्हय."

बायकोला बोलवायचं झालं तर दाराची कडी वाजवणारा माणूस तो. तो तीनदा ओरडला होता. बनाबाईनं पदर तोंडावर घेतला आणि तिचा श्वास आणखीच अडकायला लागला.

सोनियाच्या डोक्यात एकच घालमेल चालली होती. कुणी हसत नसतं, मॅडम म्हणाल्या होत्या. हसत होते की. बघतही होते. कपबशी हातात धरून निवांत बघत होते. म्हणजे ती ज्याला इतकी वर्षं भीत आली होती ते मनाचे खेळ नव्हते, ते खरंच तिथं टपरीवर चहा पीत बसलेलं होतं. आणि बापाचा गळा? तो कमी पडलाच नव्हता. मेलेल्या माणसावर भिडेचा आळ टाकून गाव मोकळं झालं होतं, आणि तो आळ तिनं दागिन्यासारखा अंगावर वागवला होता. राग इतका आला की तिला हात कुठं ठेवावेत कळेना. त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं. बापाविषयीचा अभिमान होता तो, पण त्या घटकेला तिला तो ओळखू आला नाही.

तिसऱ्या हाळीला माझे आप्पा काय म्हणाले, असं तिनं कुंडलिकला विचारलं. त्यानं मान हलवली. ते त्याला सांगवेना.

काठावर माणसं उभी होती. टपरीत सावळाराम फुटका कप गोळा करत खाली वाकला होता, तो वर उठलाच नाही. मानसिंगची जीप बाजारच्या माणसांनी भरलेली. सोनियानं त्यांना उतरायला सांगितलं आणि सगळी मुकाट उतरली. तिनं आईला पुढं बसवलं, स्वतः तिला धरून बसली, आणि मानसिंगला निघा म्हणाली.

जीप भोरच्या रस्त्याला लागली. एरवी मानसिंगच्या गाडीत गाणं नाही असं व्हायचं नाही. आज त्यानं त्या बटणाला हातही लावला नाही. सोनियानं त्याला विचारलं, तिसऱ्या हाळीत माझे आप्पा काय म्हणाले. तो रस्त्याकडं बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं.

"म्हनला, मी सोमनाथ हाय. होडी आना." मानसिंग थांबला.

"पुढं?"

"जाऊ दे की, ताई."

"पुढं काय म्हणाले?"

मानसिंगनं गिअर बदलला. "म्हनला, सवड असंल तर."

बनाबाईच्या छातीतली शीळ वाढत चालली होती.

"त्याच्यावरच लई हसलो आमी," मानसिंग म्हणाला.

सवड असेल तर. विष पोटरीतून मांडीत चढलेला माणूस, आणि दुसऱ्याला तसदी नको म्हणून मागण्यालाही मऊ अस्तर लावतो. सोनियानंही जन्मभर तेच केलं होतं. चालेल का, जमेल का, घाई नाही, तुमचं झालं की. लोकांना वाटायचं पोर गुणी आहे. लोकांनी तिच्या बापालाही सवडीनंच आणलं होतं.

दवाखान्यात गर्दी होती. बाकं भरलेली, खिडकीशी रांग, आणि आतली नर्स फोनवर बोलत होती. सोनिया आईला धरून थेट खिडकीपाशी गेली तशी रांगेतल्या माणसांनी तिच्याकडं बघितलं. खरोखर बघितलं. एकजण कुजबुजला आणि दुसरी बाई तोंडाला पदर लावून हसली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, तळहात ओले झाले, घसा आवळला. यातलं काही एक गेलेलं नव्हतं.

"आईला दम लागलाय," ती म्हणाली. नर्सला ऐकू गेलं नाही. सोनियानं खिडकीच्या लाकडावर हात आपटला. "आईला दम लागलाय. आत्ता बघा!"

नर्सनं फोन ठेवला आणि ती उठून बाहेर आली.